काचेतली लाकडी घंटा

पुण्यातल्या एका बाईंनी मला फसवलं, आणि मी केळदच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका धनगर म्हातारीला फसवलं. दोन्हीकडं वस्तू एकच, गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा. बाई म्हणतात फसवणूक झालेली नाही, कागदावर माझी सही आहे. म्हातारी म्हणते फसवणूक झालेली नाही, माणूस आहे, चुकतो. मला दोघींचंही म्हणणं मान्य नाही. मी जन्मभर सौदे केलेत. फसवणूक कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवू नये.

मी गिटार वाजवतो आणि गिटारीसाठी रचना करतो. माझ्या गिटारीवर गाणं वाजत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणाचा हिरमोड नको. तारांच्या मध्ये मी बोल्ट अडकवतो. सगळ्यात जाड तारेच्या जागी मोटारसायकलच्या ब्रेकची तार लावतो. कधी पंख्याचं फिरतं पातं तारेजवळ नेतो आणि ती स्वतःहून गुणगुणायला लागेपर्यंत थांबतो. पुण्यातले लोक याला प्रायोगिक म्हणतात. माझी बायको खरडणं म्हणते, पण दुकानाचं शटर अर्धं ओढून मी वाजवायला बसलो की गिऱ्हाइकाला बाहेर थांबवून ठेवते.

दुकान कापूरहोळच्या चौकाजवळ आहे. जळालेल्या मोटारी भरून देणं हा माझा धंदा. मोटार उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार काढायची, वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे. सारोळ्यापर्यंतच्या नदीकाठच्या पंपांच्या मोटारी माझ्याकडं येतात. हे काम मला कुणी वारशात दिलं नाही. वडील भोरला गवंड्याच्या हाताखाली जायचे आणि एप्रिल आला की वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात पार्टीचा टेम्पो गावोगाव फिरायचा. मी पेट्यांच्या आणि माणसांच्या फटीत बसलेला असायचो. वडील स्वभावानं शांत, मी आईवर गेलो. मी फार बडबडायला लागलो की ते म्हणायचे, "सूर धरायचाय ना? मग आदी गप बसायला शीक." सूर धरायला शिकलो, गप बसायला अजून शिकतोय.

कामाला लागल्यावर मी शिवऱ्याच्या एका बेंजो पार्टीत शिरलो. लग्नाच्या वरातीत टेम्पोवर भोंगे बांधून जे वाजवतात ते. बेंजो भोंग्याच्या समोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. सगळे कानावर हात ठेवायचे आणि मालक शिव्या द्यायचा. मला मात्र त्या शिट्टीच्या आत आणखी दोन-तीन बारीक आवाज ऐकू यायचे. एकदा भर वरातीत मी मुद्दाम बेंजो भोंग्यासमोर धरला आणि हलवत राहिलो. आवाज वर चढला, खाली आला, परत चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी स्वतःचं वाजवत होतो. त्याच आवाजानं नवरदेवाचं घोडं उधळलं आणि नवरदेवाला घेऊन थेट हायवेच्या पेट्रोलपंपावर जाऊन थांबलं. नवरदेवाला काही झालं नाही, फेटा सुद्धा जागेवर होता. मुलीचा बाप माझ्या अंगावर धावून आला, मीही मागं हटलो नाही, आणि मालकानं मला तिथंच टेम्पोवरून उतरवलं. माझ्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी.

गिटार भंगारवाल्याकडं मिळाली, मान तडकलेली. दोन तास त्याच्याशी वाद घातला आणि त्याला वैताग आणून ती घेतली. गिटारीच्या तारांचा आवाज पकडायला तारांखाली चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं लागतं. बाजारात ते तयार मिळतं. मला वाटलं, दिवसभर आपण वेटोळीच भरतो, तर हे कशाला विकत घ्यायचं? जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढलं आणि स्वतः भरलं. पहिलं भरलेलं वेटोळं नीट जमलं नाही. त्यात तारांपेक्षा दुकानातल्या मोटारींची घरघर जास्त यायची. मी ते फेकलं नाही. त्या घरघरीवरच माझी पहिली रचना आहे.

पंधराएक वर्षं मला ऐकणारं कुणी नव्हतं. भोरला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम केला, अकरा माणसं आली. संपला तेव्हा चार होती, त्यातला एक खुर्च्या उचलायला थांबलेला. मी त्या चौघांवरही चिडलो होतो, का ते आता आठवत नाही.

मग त्या बाई आल्या. पुण्यात एका मोठ्या इमारतीत चित्रं, शिल्पं आणि माझ्यासारखे आवाज मांडायचं काम त्या करतात. त्यांची गाडी कापूरहोळला बंद पडली आणि शेजारच्या गॅरेजमध्ये उभी राहिली. दुपारची वेळ होती, मी वाजवत होतो. त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. गॅरेजवाला सांगून गेला की गाडी झाली, तरी उठल्या नाहीत. मी थांबल्यावर म्हणाल्या, "थांबलात का? अजून संपलं नव्हतं." खरंच संपलं नव्हतं. त्यांच्याआधी हे कुणाला कळलं नव्हतं. पुढं जे झालं ते झालं, पण हे मी खोडणार नाही. मला पहिल्यांदा पूर्ण ऐकणारं माणूस त्या बाईच.

त्यांनी मला पुण्यात नेलं. आधी एका लहान खोलीत तीस माणसांसमोर, नंतर मोठ्या ठिकाणी. बंगळूरला गेलो, गोव्याला गेलो. परत आलो की तोच चौक, त्याच मोटारी.

घंटा मला श्रावणात भेटली. केळदच्या वरच्या धनगरवस्तीतला एक माणूस पिठाच्या गिरणीची मोटार घेऊन आला होता. वर विजेचा दाब कमी-जास्त होतो, मोटारी जळतात. भरून दिली तर म्हणाला, "दादा, बसवायला तुमीच चला, मागच्यानं उलटी बसवली, गिरनी मागं फिराय लागली." म्हणून मी नसरापूर, मार्गासनी, वेल्हे करत त्याच्या जीपमधून गेलो आणि शेवटचा टप्पा पायी चढलो. वर धुकं असं की स्वतःचा हात दिसत नव्हता. मोटार बसवून बाहेर आलो आणि ते ऐकू आलं.

टक, टोक. टक, टोक.

दोन आवाज, एक उंच आणि एक बसका, आणि दोघांच्या मध्ये तिसरा, पोकळ, जणू कुणीतरी रिकाम्या रांजणात श्वास सोडतोय. दिसत काहीच नव्हतं. मग धुक्यातून एका काळ्या गाईचं तोंड बाहेर आलं, तिच्या गळ्यात हाताच्या पंजाएवढी लाकडी घंटा, घंटेत दोन दांड्या लोंबत्या. तिच्या मागून एकेक करत बाकीची सतरा-अठरा जनावरं आली. कुणी हाकत नव्हतं. सगळी त्या आवाजाच्या मागं चालत होती.

जीपवाल्याची आई दारात उभी होती. पंच्याहत्तरीच्या पुढची, पाठ ताठ, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं विचारलं, कुणाचा रं तू? मी आमचं गाव, वस्ती, सगळं सरळ सांगितलं. ती म्हणाली, "बस मग. ताक पी." ताक पिता पिताच मी सौद्याला सुरुवात केली.

"मावशी, किती घेणार?"

"कशाचं?"

"घंटेचं."

"गाय घ्याची व्हय तुला?"

"गाय नको. नुसती घंटा."

ती इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. आत सुनेला हाक मारली, "आगं, ह्यो मोटारवाला काय म्हंतोय ऐक, गाय नगं, आवाज पायजे!" मग मला समजावलं. गाय विकतात, पण घंटा विकत नाहीत. गाय म्हातारी झाली किंवा विकली गेली की घंटा खुंटीला येते आणि नव्या पुढारणीच्या गळ्यात जाते. तिच्या नवऱ्यानं ती शिवणीच्या लाकडातून कोरलेली. तो गेला, त्यानंतर तीन पुढारणी झाल्या. जनावरं गाईच्या मागं जातच नाहीत, ती म्हणाली, घंटेच्या मागं जातात. पावसाळ्यात महिनामहिना धुकं असतं आणि वस्तीच्या दोन्ही अंगांना कडे आहेत.

मी ऐकलं नाही. पुढची दहा वर्षं गिरणीची मोटार फुकट भरून देतो म्हणालो. बॅटरीवर चालणारे दिवे देतो म्हणालो. ती नाही म्हणत गेली तसा माझा आवाज चढत गेला. "मावशी, लाकडाचा तुकडा तो! दुसरा कोरून देतो की!"

"ओरडू नगं," ती म्हणाली, "वासरं भित्यात."

मी आणखी दोनदा वर गेलो. तिसऱ्या खेपेला, दिवाळीनंतर, गिटार आणि बॅटरीवरचा लहान स्पीकर पाठीला मारून गेलो. ब्रेकच्या तारेखाली शिवणीचाच ढलपा सरकवला होता. महिनाभर दुकानात खपून तारा त्या दोन आवाजांवर आणल्या होत्या, आणि मधला तिसरा आवाज नुकता सापडला होता. अंगणात बसून वाजवलं. जनावरं पलीकडच्या उतारावर चरत होती. काळ्या गाईनं मान वर केली. मग ती निघाली, सावकाश, मधलं सगळं गवत सोडून, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागं सगळा कळप. एका वासरानं स्पीकरची कळ चाटली.

म्हातारीनं त्या वासराला मागं ओढलं. मग म्हणाली, "झालास बघ गाय. आता ह्यास्नी घिऊन जा घरी, रोज धारा काड." सून आत हसत होती. म्हातारीनं स्वतः उठून गाईच्या गळ्यातली दोरी सोडली आणि घंटा माझ्या हातात दिली.

"ने. काय करायचं ते कर. पन आखाडाच्या आत आन. धुकं उतरलं की मला ही लागती."

"कागद लिहून देऊ?"

"कागूद गाईच्या गळ्यात बांदू का? तिला सांग."

"कुणाला?"

"जिची हाय तिला."

मी आजूबाजूला बघितलं. कुणी हसत नव्हतं. मी गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, आखाडाच्या आत आणून देतो. तिथं कुणाला कसं वाटलं माहीत नाही, मला त्या वेळी ते फार सोपं वाटलं.

त्या हिवाळ्यात केलेली रचना पाऊण तासाची आहे. घंटा गिटारीच्या शेजारी टांगलेली असते. सुरुवातीची वीस मिनिटं मी तिला हात लावत नाही. फक्त तारा वाजवतो, आणि त्या तारांच्या आवाजानं घंटा हलकेच थरथरायला लागते, दांड्या लाकडाला अगदी टेकून न टेकल्यासारख्या. माझ्या सगळ्या कामात मी या एकाच रचनेला चांगलं म्हणतो.

चैत्रात पुण्यात ती पहिल्यांदा वाजवायची ठरली. बाईंनी मला त्यांच्या कचेरीत बोलावलं आणि आठ पानांचा इंग्रजी करार पुढं ठेवला. मी तयारीनं गेलो होतो. एसटीनं येणार नाही, गाडी पाठवा. मान्य. एक वेळचं नाही, दोन वेळचं जेवण. मान्य. तुमचे स्पीकर नकोत, मी माझे आणीन आणि ते वाहून आणायला टेम्पो तुमचा. मान्य. भिंतीवरच्या जाहिरातीत माझं नाव बाकीच्यांपेक्षा लहान अक्षरात नको. त्या हसल्या, तेही मान्य. दीड तास मी भांडत होतो आणि त्या देत होत्या. जनावरांच्या बाजारात समोरचा इतक्या पटापट देत गेला तर आपला माणूस लगेच सावध होतो, कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतो. मी सावध झालो नाही. मला वाटलं मी जिंकतोय. आठही पानांवर सही ठोकली. चष्मा दुकानात राहिला होता.

कार्यक्रम झाला. संपल्यावर सगळे उभे राहिले. मागच्या रांगेत बायको बसली होती. परतताना गाडीत म्हणाली, "आज खरडलं न्हाई बगा तुमी." निघण्याआधीच बाई म्हणाल्या होत्या, घंटा महिनाभर प्रदर्शनात ठेवू या, लोकांना बघायची आहे. चैत्र होता, आखाड लांब होता. मी हो म्हणालो.

त्या रचनेमुळंच जर्मनीहून बोलावणं आलं. जेठात गेलो, सहा आठवडे होतो. तिथं मी घंटेशिवाय, तिच्या ध्वनिमुद्रणावर वाजवलं. निघण्यापूर्वी बाईंना फोन केला होता, घंटा माझ्या दुकानावर पाठवून द्या, बायको वर पोचवेल. "हो, बघते," त्या म्हणाल्या. आखाड लागला त्या दिवशी मला तिथं तारीख आठवली होती. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही, आणि मी वाजवायला गेलो. हे मी लिहून ठेवतोय, कारण नंतर मी सगळ्यांवर ओरडलो आणि हे कुणालाच सांगितलं नाही.

परत आलो तो श्रावण. जीपवाल्याला फोन केला. तो नेहमीच्या आवाजात बोलला, तेच वाईट होतं. "दादा, घंटीचं बगा जरा. एक कालवड गेली आमची. गाभन व्हती." धुक्यात कळप फुटला होता. बाकीची दोन दिवसांनी सापडली, ही कड्याखालच्या घळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर होतो. धुकं तेच. आणि धुक्यातून आवाज येत होता, टक, टोक. क्षणभर मला वाटलं घंटा पोचली, बायकोनं मला सांगायचं राहिलं. मग म्हातारी धुक्यातून बाहेर आली. डोक्यावर इरलं, हातात दोन लाकडं, एक जाड, एक बारीक, आणि ती एकमेकांवर मारत चालली होती. तिच्या मागं काळी गाय, गाईमागं कळप. पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले, डावा गुडघा फडक्यानं बांधलेला.

"आलास व्हय," ती म्हणाली. "म्याच झाले बघ घंटी."

"मावशी, सून कुठंय? मुलगा?"

"त्यांच्या हातानं जनावरं येत न्हाईत. माजा हात त्येच्या हातासारका पडतो." त्याच्या म्हणजे नवऱ्याच्या.

मी काय काय बोललो आठवत नाही. बाईंना शिव्या दिल्या, फोनला दिल्या. ती ऐकत लाकडं वाजवत राहिली, कारण थांबली तर जनावरं थांबतील. शेवटी म्हणाली, "तुजी चूक न्हाई लेकरा. माणूस हाय." त्यापेक्षा तिनं त्यातलं एक लाकूड माझ्या पाठीत घातलं असतं तर बरं झालं असतं.

तसाच पुण्याला गेलो. पांढऱ्या भिंतींची खोली, मध्ये काचेची पेटी, पेटीत घंटा. खाली पाटीवर माझं नाव, मोठ्या अक्षरात, जसं मी भांडून मिळवलं होतं, आणि पुढं लाकूड, दोरी. म्हातारीच्या नवऱ्याचा उल्लेख नव्हता. मी वाकून आत बघितलं. घंटेतल्या दोन्ही दांड्या पांढऱ्या दोऱ्यानं एकमेकींना बांधून टाकल्या होत्या, हलून लाकडाला इजा होऊ नये म्हणून.

बाई आल्या. मी सगळं सांगितलं, कालवड, गुडघा, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. मग त्यांनी करार आणला. सहाव्या पानावर, रचनेत वापरलेल्या सर्व वस्तू संस्थेच्या संग्रहात कायमच्या राहतील.

"तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"तुम्ही वाचून दाखवलंत?"

"सर, तुम्ही प्रत्येक ओळीवर घासाघीस करत होतात. मला वाटलं, हेही वाचलं असेल."

मी ओरडलो. रखवालदार आला. मी त्याच्यासमोर गिटार खोळीतून काढली, तडकलेल्या मानेची, मी स्वतः भरलेल्या वेटोळ्यांची, आणि टेबलावर ठेवली. "ही घ्या. तीस वर्षं आहेत हिच्यात. ती द्या." इतका सरळ सौदा मी जन्मात केला नव्हता.

"गिटारही आम्ही आनंदानं घेऊ," बाई म्हणाल्या, "पण बदल्यात नाही. ते माझ्या हातात नाही, समितीच्या आहे." मग हुबेहूब नक्कल करून देऊ म्हणाल्या, खर्च संस्थेचा. घंटा इथं सुरक्षित आहे, वाळवी नाही, पाऊस नाही. मी गिटार परत खोळीत घातली.

घरी बायको एवढंच म्हणाली, "भाव करताना तुमाला समोरच्याच्या हातातलं दिसतं. आपल्या हातातलं कवा दिसनार?"

मला वाटलं, आवाज तर माझ्याकडं आहे. ध्वनिमुद्रण स्वच्छ होतं. सौरपट्टी, बॅटरी आणि स्पीकर वर नेला, उताराच्या मध्यावर खांबाला बांधला आणि चालू केला. टक, टोक. जनावरं आली. सगळी स्पीकरभोवती गोल करून उभी राहिली आणि उभीच राहिली. आजूबाजूला कमरेएवढं गवत, पण एकीनं तोंड लावलं नाही. पुढारीण चालेल म्हणून वाट बघत होती बिचारी. तासाभरानं म्हातारी खालून आली, तिनं खांबाकडं बघितलं, गाईंकडं बघितलं.

"मोटारवाल्या," ती म्हणाली, "ह्याला चरता येत न्हाई."

मी स्पीकर सोडवून खाली आणला.

नक्कलही करून बघितली, संस्थेची नाही, माझी. शिवणीचं लाकूड आणलं, ध्वनिमुद्रणाशी ताडून तासत गेलो. कानाला फरक कळत नव्हता. गाईच्या गळ्यात बांधली तर तिनं अर्धा दिवस मान झाडली, आणि कळप तिच्यामागं पन्नास पावलं गेला आणि पांगला. त्या घंटेत कुठला चौथा आवाज आहे जो माझ्या कानाला येत नाही, ते मला माहीत नाही. माझा धंदाच ऐकण्याचा, आणि हे मला ऐकू येत नाही.

समितीला मी चार पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, विषय पुढील बैठकीत घेतला जाईल. ती रचना मी वाजवायची बंद केली. दोन ठिकाणची बोलावणी परत पाठवली. लोक म्हणतात, हट्टीपणा करतोस, हीच तर तुझी ओळख आहे. असू दे. घंटा गाईच्या गळ्यात जाईपर्यंत ती रचना कुणाला ऐकू येणार नाही, मलासुद्धा नाही.

आता वैशाख संपत आलाय. मागच्या आठवड्यात मोटारीच्या निमित्तानं वर गेलो होतो. म्हातारीचा गुडघा आता वाकत नाही. दारात बसून ती ती दोन लाकडं तेलानं पुसत होती, यंदाच्या धुक्याची तयारी. मी मान खाली घालून बसलो. तिनं ताक दिलं.

"त्या बाईला आन एकदा वर," ती म्हणाली. "ताक पाजू. भांडू नगं तिच्याशी."

मी भांडणार नाही. बाई, गाडी मी पाठवतो. दोन वेळचं जेवण माझ्याकडं. करार बरोबर आणा, आठही पानं. आखाडाच्या आत या आणि पहिल्याच धुक्यात त्या अंगणात उभ्या राहा. समितीलाही आणा, सगळ्यांना ताक मिळेल. माझी सही दाखवायची असेल तर मला दाखवू नका, मी बघितली आहे. म्हातारीलाही नको, ती तुम्हाला माफ करून टाकेल, तिला तेवढंच येतं. मी ज्या कपाळावर हात ठेवून शब्द दिला, त्याच कपाळावर हात ठेवा आणि सहावं पान वाचून दाखवा. आणि मग सांगा तिला, कडा उजवीकडं आहे की डावीकडं, ते आता तिनं कुणाच्या आवाजावरून ओळखायचं.